पचायला हलका, साखरेला जड

रक्ततपासणीत शुगर निघाली की घरात पहिली गदा येते ती पोह्यांवर. डॉक्टर बरंच काही सांगतात, पण लक्षात राहतं ते ‘कार्ब कमी करा’ एवढंच. मग पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी यांना रजा मिळते आणि ओट्यावर कॉर्नफ्लेक्सचा खोका येऊन बसतो. तेल नाही, फोडणी नाही, दुधात घातलं की झालं, आणि पुन्हा पचायला हलकं! कौतुकाने म्हटलं जाणारं हे ‘पचायला हलकं’ मधुमेह्याच्या बाबतीत नेमकं उलटं कसं पडतं, ते आज बघू.

आधी साधा हिशेब. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ८४ ग्रॅम कर्बोदकं असतात. खोक्यावर ‘एक सर्व्हिंग’ म्हणून ३० ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे २५ ग्रॅम कर्बोदकं. हे ३० ग्रॅम वजनकाट्यावर मोजून बघा. बोलचा तळ जेमतेम झाकतो, मग हात आपोआप पुन्हा खोक्याकडे जातो आणि ६० ग्रॅम होतात. त्याची कर्बोदकं ५०, कपभर दुधातली लॅक्टोजची १०, वर एक केळं कापलं तर आणखी २५ च्या आसपास. नाश्त्यालाच ८५ ग्रॅम! आहारशास्त्रात ‘लो-कार्ब’ म्हणजे साधारणपणे दिवसभरात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं, आणि कीटो करणाऱ्यांची मर्यादा २० ते ५० ग्रॅम. कीटोवाल्याचा अख्ख्या दिवसाचा कोटा सकाळी आठलाच संपून वर उधारी झाली.

पण नुसत्या बेरजेने पूर्ण गोष्ट कळत नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली. वेगवेगळ्या पदार्थांतून सारखीच, म्हणजे ५० ग्रॅम कर्बोदकं माणसांना खायला द्यायची आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर किती चढते ते मोजायचं. शुद्ध ग्लुकोज म्हणजे १००. या मोजपट्टीवर २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा भात सरासरी ७३ वर आहे आणि कॉर्नफ्लेक्स ८१ वर. आपली चहातली साखर आहे ६५ वर. साखर खाली, कॉर्नफ्लेक्स वर! साखरेच्या रेणूचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, त्यामुळे रक्तातलं ग्लुकोज तेवढं उसळत नाही. (म्हणून साखर खावी असं नव्हे, ती यकृताशी वेगळी भानगड करते.) पण जिभेला जेमतेम गोड लागणारा मक्याचा पापुद्रा साखरेलाही मागे टाकतो, ही गंमत आहे खरी.

हे असं का होतं, याचं उत्तर पदार्थाच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाच्या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग एक आरोग्यधाम चालवायचे. माणसाचे बहुतेक रोग आतड्यात कुजणाऱ्या अन्नामुळे होतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यावर एनिमा, बेचव जेवण आणि ब्रह्मचर्य असा उतारा ते सुचवायचे. आजची ‘डिटॉक्स’ची दुकानं याच समजुतीवर चालतात, फक्त बाटलीवरचं लेबल नवीन. तर या डॉक्टरांना रुग्णांसाठी असं धान्य हवं होतं, जे पोटात जाण्याआधीच अर्धंमुर्धं पचलेलं असेल. त्यासाठी त्यांचा आणि भाऊ विल यांचा खटाटोप चालू असताना १८९४ मध्ये शिजवलेला गहू चुकून तसाच पडून राहिला. नंतर लाटला तेव्हा त्याचे सुटे सुटे पापुद्रे निघाले. गव्हानंतर मका आला, त्यात साखर घालावी की नाही यावर भावांचं बिनसलं आणि १९०६ मध्ये विलने स्वतःची कंपनी काढली. म्हणजे लवकर पचणं हे या पदार्थाचं मूळ ध्येय होतं आणि ते त्याने चोख साधलं आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. जरा किचकट आहे.

मका, तांदूळ, गहू, सगळ्यांत स्टार्च असतो, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, हे शाळेत झालं आहे. पण त्या साखळ्या दाण्यात मोकळ्या पडलेल्या नसतात. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या बारीक कणांत त्या दाबून बसवलेल्या असतात. साखळ्या दोन जातींच्या. अमायलोज बहुतांशी सरळ, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. साध्या मक्यात अमायलोज साधारण पाव हिस्सा आणि बाकी अमायलोपेक्टिन. अमायलोपेक्टिनच्या शेजारशेजारच्या फांद्या जोडीजोडीने एकमेकींभोवती पिळ घालतात, असे पिळ शिस्तीत रचले जातात आणि त्याचा स्फटिक बनतो. एक थर स्फटिकाचा, एक विस्कळीत, पुन्हा स्फटिकाचा, असा कण वाढत जातो. हे थर इतके पातळ की स्फटिकाचा एक आणि विस्कळीत एक अशी जोडी जेमतेम नऊ नॅनोमीटरची भरते.

आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते साखळी कापतं, पण कापायला साखळी त्याच्या खाचेत शिरायला हवी. घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीचं टोकच सापडू नये, तशी कच्च्या कणापुढे अमायलेजची गत होते. वरवर कुरतडत बसतं.

आता त्याच कणाला पाणी आणि उष्णता द्या. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी आत घुसतं, स्फटिक वितळतात, कण फुगतो, अमायलोज बाहेर झिरपतं आणि सगळं मिळून चिकट खळ होते. सुती साडीला द्यायची ती हीच खळ. साखळ्या उघड्यावर येतात आणि अमायलेजचं फावतं.

घरी करून बघायचं असेल तर कॉर्नफ्लोअर घ्या. चिमूटभर थंड पाण्यात कालवा, दुसरी चिमूट पाण्यात शिजवून पातळ कांजी करा आणि कोमट होऊ द्या. दोन्हींतलं एक-एक चमचा वेगळं काढून त्यात तेवढीच थुंकी मिसळा. (मुलांना सांगा, ती आनंदाने देतील.) दहा मिनिटांनी दोन्हींत जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब टाका. कच्च्या पिठाचं पाणी निळंकाळं पडेल. कांजीत रंग तांबूस उठेल नाहीतर उठणारच नाही, कारण निळा रंग धरणाऱ्या लांब साखळ्या तोवर तुटलेल्या असतात. एवढं काम लाळेनेच केलं. पुढे लहान आतड्याच्या अस्तरावरची विकरं उरलेले तुकडे, फांद्यांच्या सांध्यांसकट, ग्लुकोजपर्यंत आणतात आणि ते रक्तात जातं.

कारखान्यात काय होतं ते आता लगेच कळेल. मक्याच्या दाण्याचं साल आणि अंकुर काढून टाकतात. उरलेली मोठी भरड माल्ट, मीठ, साखर घालून वाफेच्या दाबाखाली तास-दोन तास शिजवतात, थोडी वाळवून मुरत ठेवतात, पोलादी रुळांखाली चेपून पातळ करतात आणि कडक भट्टीत भाजतात. प्रत्येक टप्प्याला कणाची उरलीसुरली शिस्त मोडते. तोंडात आलेला पापुद्रा इतका पातळ आणि सच्छिद्र असतो की विकराला आत शिरायला वेळच लागत नाही. धान्य तेच, कर्बोदकं तेवढीच, पण दाण्याची बांधणी गेली.

आणि पोहे? भात, म्हणजे टरफलासकटची साळ, गरम पाण्यात भिजवायचा, तापल्या भट्टीत भाजायचा, चेपायचा. तोही चेपलेला, आधीच शिजलेला स्टार्चच! केलॉग कंपनीने १९९० च्या दशकात भारतातला कारखाना काढला तो तळोज्याला, म्हणजे रायगड जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातलं पेण पोह्यांसाठी प्रसिद्ध. एकाच जिल्ह्यात दोन चुलत भाऊ, त्यातल्या एकाला आपण मधुमेहाचा खलनायक ठरवलं आणि दुसऱ्याला औषध. उलट कांदेपोह्यांत शेंगदाणे असतात, तेल असतं, कांदा असतो. त्यांची प्रथिनं आणि स्निग्धता जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. पोहे मोजून निम्मे घेतले आणि शेंगदाणे, मटार दुप्पट केले, तर मी दुधातल्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा तीच बशी निवडेन.

या ठिकाणी कोणीतरी शिळ्या भाताचं रील पाठवतंच. शिजलेला स्टार्च गार झाला की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि काही भाग विकरांना दाद देईनासा होतो, हे खरं आहे. अमायलोजचे हे नवे स्फटिक पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर टिकतात, त्यामुळे भात पुन्हा गरम केला तरी ते मोडत नाहीत. पण प्रमाण किती? १०० ग्रॅम भातामागे एक-दीड ग्रॅम. फोडणीचा भात चवीला झकास लागतो, तेवढ्यासाठी जरूर खा. साखरेवरचा रामबाण म्हणून नको.

मग ओट्स? इथे जरा आशेला जागा आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू (फायबर) असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो, आतड्यातला रस घट्ट करतो आणि विकर व ग्लुकोज दोघांचीही चाल मंदावते. मात्र मात्रा बघा. जेवणानंतरची साखर कमी होते असा दावा खोक्यावर करायचा तर युरोपातले नियम ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन मागतात. ३० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये कर्बोदकं १८ च्या आसपास आणि बीटा-ग्लुकॅन सव्वा ग्रॅम, म्हणजे त्या प्रमाणाच्या निम्मं. ओट ब्रॅन, म्हणजे ओट्सचा कोंडा, या बाबतीत सरस ठरतो. आणि इथेही बांधणीचा मुद्दा सुटत नाही. जाड पापुद्र्यांच्या ओट्सची लापशी त्याच तक्त्यात ५५ वर आहे, तर झटपट होणाऱ्या ओट्सची ७९ वर. दोन मिनिटांत होणारे मसाला ओट्स आणि कॉर्नफ्लेक्स यांत मग फार अंतर उरत नाही.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून नाचणीचे फ्लेक्स, ज्वारीचे फ्लेक्स यांचा पूर आला आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तंतू चांगला, वादच नाही. पण तिच्यातही १०० ग्रॅममागे कर्बोदकं ६७ च्या घरात असतात, आणि पीठ करून, शिजवून, चेपून, भाजून तिचा पापुद्रा केला की तिच्यावरही मक्यासारखाच प्रसंग गुदरतो. खोक्यावरचं ‘मिलेट’ वाचून हुरळून जायचं कारण नाही. मागची बाजू वाचा. तिथे माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते तुकडे केलेलं स्टार्चच आहे. कायद्याने ते साखरेच्या रकान्यात येत नाही, रक्तात मात्र ग्लुकोज म्हणूनच येतं. ‘नेट कार्ब्स’ हा मोठ्या अक्षरांतला आकडाही जपून घ्या, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने त्याची व्याख्या केलेली नाही. एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करायचा ही मूळ कल्पना ठीक आहे, पण परदेशी खोक्यांवर घोळ होतो. अमेरिकी लेबलवर कर्बोदकांत तंतू धरलेला असतो, युरोपीय लेबलवर आधीच वगळलेला. युरोपीय खोक्यावरून तुम्ही तो पुन्हा वजा केलात तर हिशेब चुकलाच.

तरीही सकाळी बोलमध्ये काहीतरी कुरकुरीत हवंच असेल, तर मी फ्लेक्सना मुख्य पदावरून काढून वरून भुरभुरायच्या पदावर नेमतो. दीडशे ग्रॅम घट्ट दही, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम, आणि वर मोजून १५ ग्रॅम फ्लेक्स. सगळी मिळून कर्बोदकं विशीच्या आसपास, आणि कुरकुर शाबूत. बिया वाढवल्या तर आणखी बरं. जवस तर या कामासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. त्याच्या १०० ग्रॅमांतल्या २९ ग्रॅम कर्बोदकांपैकी तब्बल २७ ग्रॅम तंतू असतो. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया वेगवेगळ्या भाजून, जवस तेवढं जाडसर कुटून (अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं), त्यात सुक्या खोबऱ्याचा कीस आणि ज्वारीच्या लाह्या. लाह्यांचा स्टार्चही चांगलाच फुटलेला असतो, पण मूठभर लाह्यांना वजन ते काय? पोट आणि डोळे दोघांनाही भरल्यासारखं वाटतं. नागपंचमीपुरत्याच आणायच्या ही सवय मोडायला हरकत नाही. बिया-दाण्यांमुळे उष्मांक मात्र भरपूर, तेव्हा बोलऐवजी वाटी घ्या.

एक गोष्ट गंभीरपणे. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर कर्बोदकं स्वतःच्या मनाने एकदम कापू नका. डोस जुन्या नाश्त्याच्या हिशेबाने ठरलेला असतो, नाश्ता बदलला आणि डोस तोच राहिला तर साखर घसरून चक्कर, घाम, बेशुद्धीपर्यंत वेळ येते. ‘फ्लोझिन’ने नाव संपणारी औषधं घेणाऱ्यांनी कीटोच्या वाटेला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. त्यांत रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, आणि फसवी गोष्ट ही की साखरेचा आकडा तेव्हा फारसा वाढलेला नसतोही.

घरात ग्लुकोमीटर असेल तर त्याचा उपयोग उपाशीपोटीच्या एका आकड्यापुरता ठेवू नका. एक दिवस कॉर्नफ्लेक्स-दूध, एक दिवस शेंगदाणे घातलेले कांदेपोहे, एक दिवस दही-जवस. तिन्ही दिवशी पहिल्या घासाच्या आधी आणि दोन तासांनी बोट टोचायचं, बाकी दिनक्रम शक्य तेवढा सारखा ठेवायचा. तक्त्यातले ८१ आणि ५५ हे दुसऱ्यांच्या रक्ताचे सरासरी आकडे आहेत. तुमचे वहीत मांडा आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांकडे घेऊन जा.