वार ओढून काढली नाही, तर डॉक्टर कच्चा?

गोव्यातला सत्तरी तालुका असो वा सांगे, गाय व्याली आणि वार (गर्भाला पोसणारा, वासरामागून पडणारा पडदा) अडकली की डॉक्टरने हात घालून ती ओढून काढावी, असाच आग्रह होतो. हा समज जुना आणि घातक आहे.

वार गर्भाशयाला साधारण 70 ते 120 गाठींनी चिकटलेली असते. एरवी ती 12 तासांत पडते. 24 तास उलटले तर अडकली म्हणायची. तेव्हा ओढली तर गाठी सोलतात, रक्त येते, तुकडे आत राहून कुजतात. पुढे गाय उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. लोंबत्या वारेला दगड बांधणे त्याहून वाईट, मायांग (गर्भाशय) बाहेर येऊ शकते. लोंबणारा भाग फार तर कापावा. ताप रोज मोजावा: 103 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा गाय चारा सोडून बसली, तर प्रतिजैविके लागतात. एरवी वार आठ-दहा दिवसांत सुटून पडते. वास येतो, तो सोसावा.

वार अडकण्यामागे ब्रुसेला असू शकतो, विशेषतः गाय गाभडली (गर्भ पडला) असेल तर. हा जंतू माणसालाही लागतो. म्हणून लांब हातमोजे. हात न घालणारा डॉक्टर आळशी ठरतो, हीच या पेशातली खरी पंचाईत.