एडीएचडी हे औषध कंपन्यांनी सोडलेलं पिल्लू आहे का?

"एडीएचडी वगैरे काही नसतं, गोळ्या खपवायला काढलेला आजार आहे" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा असा त्रास.) आता जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांबद्दल लंडनमध्ये लेक्चर्स दिली 1902 साली, आणि त्यावर देतात त्या रिटालिन गोळीतलं उत्तेजक औषध, मेथिलफेनिडेट, पहिल्यांदा बनलं 1944 मध्ये. म्हणजे पोरं आधी, गोळी नंतर.

पण मला खरी गंमत वाटते ती या गोळीची. उत्तेजक औषधाने चळवळं पोर शांत कसं होतं? तर मेंदूतल्या दोन न्यूरॉन्सच्या (चेतापेशींच्या) मधे बारीक फट असते, एकातून डोपामाइन हे निरोप नेणारं रसायन सुटतं, पलीकडच्या न्यूरॉनवर ते टिपणाऱ्या रिसेप्टरला चिकटतं आणि उरलेलं परत आत खेचायला पहिल्याच न्यूरॉनवर ट्रान्सपोर्टर नावाचं प्रोटीन बसलेलं असतं, मेथिलफेनिडेट नेमकं त्यालाच अडवतं, त्यामुळे डोपामाइन फटीत जास्त वेळ टिकतं. कपाळामागच्या, लक्ष ताब्यात ठेवणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये मात्र हे ट्रान्सपोर्टर फारच कमी, तिथे डोपामाइन उचलायचं काम बरंचसं नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा ट्रान्सपोर्टर करतो, आणि गोळी त्यालाही अडवते! शिवाय तिथला ग्राफ उलट्या यू सारखा, डोपामाइन कमी पडलं तरी लक्ष उडतं आणि फार झालं तरी उडतं. बेताच्या डोसने ते मधे आलं की लक्ष टिकतं, आणि पोर शांत दिसतं. (रील्समधल्या 'डोपामाइन डिटॉक्स'वाल्यांना हा ग्राफ कुणीतरी दाखवा.)

म्हणून "गोळी लागू पडली म्हणजे एडीएचडीच" हेही चूकच. 1978 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या टीमने असा काही त्रास नसलेल्या मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामाइन हे असंच उत्तेजक औषध दिलं, तर त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष सुधारलं.

मग एडीएचडी खरंच असतो याला पुरावा काय? जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के निघतो, पण ते एखादं जनुक नाही, छोटा छोटा परिणाम करणारी ढीगभर आहेत, त्यामुळे लक्षणंही ब्लड प्रेशरसारखी कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांतच असतात आणि आजाराची रेघ कुठेतरी माणसालाच मारावी लागते. ती चुकतेही. अमेरिकेत जिथे शाळाप्रवेशाची कटऑफ 1 सप्टेंबर आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना सप्टेंबरवाल्यांपेक्षा एडीएचडीचं लेबल जास्त लागतं, असं 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. वर्षभराने लहान पोर जास्त वळवळणारच की! पण त्याने निदानातला घोळ सिद्ध होतो, आजार खोटा आहे हे नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत आणि शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत ही डीएसएम-5 मधली (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीतली) अट असे घोळ कमी करायलाच उपयोगी पडते, ती नीट तपासली तर.