जुन्या घरातलं लेड पेंट: १९७८, २०१७ आणि मधली वर्षं

अमेरिकेत १९७८ च्या आधीचं घर घेताना लेड पेंटचा, म्हणजे शिसं असलेल्या रंगाचा, एक वेगळा फॉर्म सही करावा लागतो, आपल्याकडचे बरेच जण तो न वाचताच सही करून मोकळे होतात. ते साल तिथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली त्याचं आहे. पण शिसं वाईट हे तेव्हा कळलं असं अजिबात नाही.

१९०४ मध्येच ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरने दाखवून दिलं होतं की मुलांना विषबाधा होतेय ती व्हरांड्याच्या कठड्याच्या रंगातून, उन्हाने रंगाची पावडर होते, ती हाताला लागते आणि मुलं बोटं तोंडात घालतात. क्वीन्सलंडने १९२२ मध्ये कायदा केला. अमेरिकेत मात्र सफेदा, म्हणजे रंगात घालायची शिशाची पांढरी पूड, विकणाऱ्या कंपन्या मुलांसाठी रंगवायची पुस्तकं वाटत होत्या! बाल्टिमोरने १९५१ मध्ये घराच्या आतल्या रंगात शिसं बंद केलं, न्यूयॉर्कने १९६०, आणि सगळ्या देशाला अजून अठरा वर्षं लागली. कारण साधं, शिशाचा रंग टिकतो, पाण्याला दाद देत नाही, लवकर वाळतो, मग धंदा सोडणार कोण.

आता सीलिंग, कारण हा जुना रंग तिथेही लपून राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या उंच छताखाली टाइल्सचं खोटं सीलिंग लटकवायची लाटच आली, वायरिंग आणि एसीचे डक्ट लपतात, खोली गरम ठेवायला खर्च कमी आणि तडे गेलेलं प्लास्टर दुरुस्त करायची कटकट नाही. त्यामुळे खालच्या भिंती चार वेळा रंगवून झाल्या तरी वरचं छत तसंच राहिलं, पोपडे धरलेलं, आणि त्या काळच्या काही टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू) पण असायचं. टाइल ओढली की इतक्या वर्षांची धूळ थेट अंगावर. म्हणून २०१० पासून तिथे अशा घरात पैसे घेऊन रंग उकरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला सर्टिफिकेट लागतं (अगदी बारीकसारीक कामं सोडून), प्लास्टिक लावून खोली बंद करायची, ब्लोटॉर्चने रंग जाळायचा नाही, साफसफाई हेपा व्हॅक्यूमने (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर असलेल्या) आणि ओल्या फडक्याने.

आपल्याकडे? रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचं मानक ऐच्छिक होतं. म्हणजे आपल्या हिशोबात 'जुनं घर' वाडा किंवा चाळच असायला हवं असं नाही, २०१५ चा फ्लॅटसुद्धा त्यात बसतो. चुन्याच्या भिंतीची मला तेवढी काळजी वाटत नाही, खरी भानगड दारं, खिडक्या, ग्रिल आणि रंगवलेली तख्तपोशी यांच्यावरच्या ऑइलपेंटची, त्यातही पिवळा, केशरी, लाल असे भडक रंग असले तर जास्तच. आणि पेंटर नेमका तोच कोरडा काचपेपरने घासतो, तोंडाला रुमाल बांधून, पोरं शेजारच्या खोलीत. नियम डब्यातल्या नव्या रंगाला आहे, दारावर आधीच चढलेल्या थरांबद्दल त्यात काहीच नाही.