एकरी किती माणसं? शहरांतल्या दाटीच्या नियमांची पार्श्वभूमी

जुन्या वस्तीतलं दुमजली घर पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहणार, अशी पाटी लागली की शहर कुठलंही असो, हरकती ठरलेल्या असतात. पाणी पुरणार नाही, ऊन अडेल, गाड्या कुठे लावणार, वस्तीचा तोंडवळा बदलेल. उत्तरही ठरलेलं असतं: माणसं येतच आहेत, त्यांनी राहायचं कुठे? हा वाद काही आजच्या बिल्डरांनी उकरून काढलेला नाही. त्यातले बहुतेक मुद्दे आणि ज्यांच्या आधारे ते मांडले जातात ते नियम १८५० ते १९६१ या काळात तयार झाले. त्या नियमांमागे तेव्हाची भीती होती. ती भीती बऱ्याच अंशी ओसरली, नियम मात्र राहिले.

सुरुवात पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून, करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या जाणकारांची समजूत अशी, की रोग कोंडलेल्या, कुजक्या हवेतून येतो. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये इंग्लंडमधल्या कामकरी वर्गाच्या आरोग्यावर जो अहवाल दिला, त्याचा पायाही हीच समजूत. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवून जॉन स्नो सांगत होते, की पटकी पाण्यातून पसरते. ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर दुर्गंधी घालवण्यासाठी म्हणून बांधलेल्या गटारांनीच पाणी सुधारलं आणि पटकी मागे हटली. कारण चुकीचं, काम बरोबर, असा हा प्रकार. श्रेय गटारांना मिळायला हवं होतं. लोकांच्या मनात मात्र ठसलं ते एवढंच, की माणसं दाटीनं राहिली की रोगराई येते. त्यात तथ्य नव्हतंच असं नाही. क्षयासारखा रोग एकाच कोंदट खोलीत झोपणाऱ्या आठ माणसांत झपाट्यानं पसरतोच. पण तो पसरतो खोलीतल्या माणसांमुळे. एकरावर किती घरं आहेत याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

त्या काळात घरं कशी बांधली जात होती, हेही पाहायला हवं. बर्लिनमध्ये १८५३ च्या बांधकाम नियमांनी इमारतीच्या आतल्या चौकाचं किमान माप ठरवून दिलं: ५.३४ मीटर लांब, ५.३४ मीटर रुंद. हे माप हवा-उजेडाचा विचार करून आलेलं नव्हतं. आग लागली तर बंब आत नेऊन वळवता यावा, एवढाच त्यामागचा हिशेब. १८६२ च्या होब्रेख्ट आराखड्यानं रुंद रस्ते आणि त्यांच्यामधले खोलवर गेलेले मोठाले भूखंड आखले. मालकांनी रस्त्याला लागून देखणी इमारत, तिच्यामागे चौक, मग मागची इमारत, पुन्हा चौक, अशी रांग लावली. कायद्यानं जे किमान म्हणून सांगितलं, तेच बांधणाऱ्यांनी कमाल धरलं. हे पुढेही होत राहिलं.

न्यूयॉर्कची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथले प्लॉट २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल. १८७९ च्या कायद्यानं प्रत्येक झोपायच्या खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी सक्तीची केली. त्यावर तोडगा म्हणून एक नकाशा त्याच सुमारास एका स्पर्धेत पहिला आलेला होता: इमारत मध्यभागी किंचित चिंचोळी करायची आणि शेजारच्या इमारतीशी मिळून मध्ये एक अरुंद डक्ट ठेवायचा. कागदावर प्रत्येक खोलीला खिडकी मिळाली. प्रत्यक्षात मजल्यावरच्या चौदा खोल्यांपैकी जेमतेम चार खोल्यांना रस्त्याकडून किंवा परसाकडून उजेड येई. बाकीच्यांच्या खिडक्या त्या डक्टमध्ये उघडत. वरच्या मजल्यांवरून त्यात कचरा पडे, उन्हाळ्यात तो सडे. शेजारचं भांडण शब्दान् शब्द ऐकू येई, आणि आग लागली तर हाच डक्ट धुराड्याचं काम करी. सुधारणा म्हणून मंजूर झालेल्या या रचनेवर १९०१ च्या कायद्यानं बंदी घातली. बांधलेल्या इमारती मात्र त्यानंतरही अनेक दशकं वापरात राहिल्या.

गर्दीवर थेट बोट ठेवणारा प्रयोग ग्लासगोनं केला. १८६२ च्या पोलीस कायद्याखाली तिथली छोटी घरं आतून मोजली गेली. दर प्रौढ माणसामागे ३०० घनफूट जागा, आठ वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धा माणूस, असा हिशेब करून दारावर पत्र्याची चकती ठोकली जाई. तिच्यावर घराचं घनफळ आणि आत झोपायला परवानगी असलेल्यांची संख्या. मध्यरात्रीनंतर निरीक्षक येत, दार वाजवत, डोकी मोजत. जास्तीची माणसं कपाटात, पलंगाखाली, छपरावर लपत. रोगाचा खरा संबंध ज्या गोष्टीशी होता, तीच हा कायदा मोजत होता. तरी तो फसला, कारण खोलीतून बाहेर काढलेल्या माणसाला जायला दुसरी खोलीच नव्हती. पोटभाडेकरू ठेवल्याशिवाय भाडं निघत नसेल, तर चकतीवर काय लिहिलंय याला कोण विचारतो?

खोलीतली माणसं मोजणं त्रासाचं, लाजिरवाणं आणि निष्फळ ठरलं. एकरावरची घरं मोजणं सोपं. त्यासाठी कुणाच्या घरात शिरावं लागत नाही, नकाशावर पट्टी ठेवली की झालं. त्यामुळे नियमांचा रोख हळूहळू तिकडे वळला.

या वळणाला ध्येयवादाची जोडही मिळाली. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली. ६,००० एकर जमीन, त्यातल्या १,००० एकरांवर शहर, लोकसंख्या ३२,०००, बाकी शेती आणि मोकळी जमीन. १९०३ पासून इंग्लंडमधल्या लेचवर्थला ती प्रत्यक्षात यायला लागली. तिथले एक वास्तुरचनाकार रेमंड अन्विन यांनी १९१२ मध्ये हिशेब मांडून दाखवला, की दाटीनं घरं बांधण्यात जे वाचल्यासारखं वाटतं, ते रस्त्यांच्या खर्चात बरंचसं निघून जातं. एकरी बारा घरं हे त्यांचं माप १९१८ च्या टुडर वॉल्टर्स समितीनं उचललं आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश सरकारी घरबांधणीचं ते प्रमाण झालं. घरं खरोखर चांगली होती: पुढे-मागे बाग, प्रत्येक खोलीत ऊन. फक्त ती कामाच्या जागेपासून लांब होती, आणि सगळ्यांत गरीब कुटुंबांना त्यांचं भाडंही परवडत नव्हतं.

इथवरची कथा सद्हेतूंची म्हणता येते. पुढची तशी नाही.

शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळी उंची आणि वेगळा वापर ठरवून देण्याची पद्धत जर्मनीत रुळली. महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या कारकिर्दीत फ्रँकफर्टनं १८९१ मध्ये तसे नियम केले. अमेरिकेत ही पद्धत पोचली तेव्हा तिच्यात दुसऱ्याच गोष्टी मिसळल्या. बाल्टिमोरनं १९१० मध्ये कृष्णवर्णीयांनी कुठल्या गल्लीत राहायचं आणि गोऱ्यांनी कुठल्या, हेच वटहुकुमानं ठरवलं. लुईव्हिलचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९१७ मध्ये रद्द केला. माणसांची वर्गवारी करता येईना, तेव्हा घरांची करणं उरलं. बर्कलीनं १९१६ मध्येच फक्त एककुटुंबी घरांचा विभाग आखला होता. ज्याला स्वतंत्र प्लॉट परवडत नाही तो अशा वस्तीत येऊच शकत नाही, आणि नियमात कुणाच्या वर्णाचा उल्लेखही करावा लागत नाही. या पद्धतीवर १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. त्या निकालात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सदनिकांच्या इमारतीला बंगल्यांच्या वस्तीवर जगणारं बांडगूळ म्हटलं आहे. खटल्यातला वाद जमीन कारखान्यांसाठी वापरण्याबद्दलचा होता, पण मार बसला भाड्याच्या घरांवर.

न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमावलीमागची कारणं वेगळी होती. आदल्या वर्षी ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली होती. एकरभराहूनही कमी प्लॉट, त्यावर सरळ उभे चढवलेले ३८ मजले आणि एकूण बांधकाम प्लॉटच्या सुमारे ३० पट. आसपासच्या कचेऱ्यांत भरदुपारी दिवे लावावे लागू लागले. तिकडे फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या उंची दुकानांच्या मालकांना कपड्यांच्या कारखान्यांचं आक्रमण नको होतं. दुपारच्या सुट्टीत फुटपाथ भरून टाकणारे स्थलांतरित कामगार त्यांच्या गिऱ्हाइकांना खुपत होते. दोन्ही तक्रारी मिळून जी नियमावली आली, तिनं इमारतींना वर जाताना पायरीपायरीनं मागे सरायला लावलं. पण एकूण बांधकामावर तिनं मर्यादा घातली नव्हती. तिच्या चौकटीत शहर पुरतं भरलं असतं, तर साडेपाच कोटी माणसं मावली असती.

ही ढील १९६१ मध्ये आवळली गेली. प्लॉटच्या किती पट बांधायचं याचा आकडा, आपण ज्याला एफएसआय म्हणतो तो, नव्या नियमावलीच्या केंद्रस्थानी आला. शहराची कागदोपत्री क्षमता सव्वा कोटीच्या आत आली. खालची जागा लोकांसाठी मोकळी सोडली तर वर जादा बांधकाम मिळेल, ही सवलतही तेव्हाचीच. नियमानं मनाई करायची आणि मग तीच मनाई टप्प्याटप्प्यानं सोडवून द्यायची, या आज सर्वत्र चालणाऱ्या व्यवहाराचं ते जुनं रूप. सवलतीपोटी मिळालेल्या कित्येक मोकळ्या जागा इतक्या रुक्ष निघाल्या की तिथे कुणी थांबेना.

त्याच वर्षी लेखिका जेन जेकब्स यांनी शहररचनाकारांवर जी टीका केली, तिच्यातला एक मुद्दा इथे मोलाचा आहे. एकरावर घरं जास्त असणं आणि खोलीत माणसं जास्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तज्ज्ञ त्या सर्रास एक समजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दाखला दिला बॉस्टनच्या नॉर्थ एंडचा. एकरी सुमारे २७५ घरं, इमारती चार-पाच मजली, सरकारदप्तरी झोपडपट्टीत जमा. प्रत्यक्षात रहिवाशांनी स्वतः डागडुजी केलेली, गजबजलेली, चांगली नांदती वस्ती. त्याच्याशेजारी सेंट लुईचा प्रुइट-आयगो हा सरकारी गृहप्रकल्प ठेवून पाहा. ५७ एकरांवर ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं. म्हणजे ढोबळ हिशेबानं एकरी ५० घरं. टॉवर उंच, पण दाटी नॉर्थ एंडच्या पाचव्या हिश्शाइतकी. १९५० च्या दशकात बांधलेला हा प्रकल्प १९७२ पासून सुरुंग लावून पाडला गेला, आणि 'दाटीनं ठेवलं की माणसं बिघडतात' याचा पुरावा म्हणून त्याचे फोटो जगभर फिरले. देखभालीला पैसा नव्हता, शहरातून रोजगार निघून चालले होते, इमारतींमधली मोकळी जागा कुणाचीच नव्हती. यातलं काहीच फोटोत दिसत नाही.

वस्ती बदलते ती फक्त इमारत पाडल्यावरच, हाही असाच एक पक्का समज. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या इझलिंग्टनसारख्या भागांत चाललेल्या ज्या बदलाला जेंट्रिफिकेशन म्हटलं, त्यात एक वीटही हलली नव्हती. एकेका जुन्या घरात मजल्यागणिक भाडेकरू कुटुंबं राहत होती. ती गेली आणि त्या अख्ख्या घरात एक सुखवस्तू कुटुंब आलं. रस्ता तसाच, दर्शनी बाजू रंगवून अधिकच सुंदर, आणि माणसं मात्र कमी. मॅनहॅटनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. १९१० मध्ये तिथे २३ लाखांवर लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत १७ लाखही नव्हते. दरम्यान तिथे किती मजले चढले, ते वेगळं सांगायला नको. दरडोई जागा वाढली, कुटुंबं लहान झाली, घरांच्या जागी कचेऱ्या आल्या. म्हणून 'एवढे टॉवर झाले, गर्दी वाढणारच' हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, त्यात राहायला कितीजण आले आणि आधी तिथे किती होते.

२०२० च्या कोविडच्या साथीत जुनी भीती पुन्हा डोकं वर काढून गेली. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या लाटेचा सर्वांत जबर तडाखा क्वीन्समधल्या कोरोना आणि एल्महर्स्ट या वस्त्यांना बसला. तिथल्या इमारती मॅनहॅटनच्या मानानं ठेंगण्या, पण घरात माणसं जास्त, आणि कामावर गेल्यावाचून भागत नाही अशी. ग्लासगोच्या निरीक्षकांना हे चित्र ओळखीचं वाटलं असतं.

नियम सैल करण्याचे प्रयत्न गेल्या दहा-बारा वर्षांतले. मिनिआपोलिसनं २०१८ मध्ये फक्त एककुटुंबी घरांचे विभाग रद्द करायचं ठरवलं, पुढच्याच वर्षी ऑरेगॉन राज्यानं बहुतेक शहरांसाठी तसाच कायदा केला. बफेलोनं २०१७ मध्ये नव्या बांधकामांवरची पार्किंगची सक्ती काढून टाकली. सर्वांत मोठी उडी ऑकलंडची. २०१६ मध्ये तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर पूर्वीपेक्षा जास्त घरं बांधायची मुभा मिळाली. पुढच्या पाच वर्षांत दरसाल मंजूर होणाऱ्या घरांची संख्या दुपटीच्या घरात गेली. त्यात जोडघरं आणि ओळघरं फार. पण शहराच्या मध्याला सर्वांत जवळ असलेली, जुन्या लाकडी बंगल्यांची उपनगरं बऱ्याच अंशी 'विशेष स्वरूपाच्या वस्ती' म्हणून वगळली गेली. नवी घरं उठली ती त्यांच्या पलीकडे, जिथून कामावर जायला जास्त वेळ लागतो. त्या वगळलेल्या उपनगरांत किती बांधू द्यायचं, यावर तिथलं राजकारण पुढेही तापत राहिलं.