हॉलिवूडचा स्क्रिप्ट रीडर: हे काम आलं कुठून आणि 'हो' म्हणणं इतकं महाग का झालं

हॉलिवूडमध्ये एखादी कंपनी "तुमची स्क्रिप्ट आम्ही वाचली" असं कळवते तेव्हा निर्णय घेणाऱ्या माणसाने ती बरेचदा वाचलेलीच नसते, वाचलेली असते रीडरने, आणि साहेबाच्या टेबलावर गेलेलं असतं ते रीडरने लिहिलेलं काही पानांचं कव्हरेज. पहिल्या पानावर स्क्रिप्टचं नाव, लेखक, कोणी पाठवली, पानं किती, गोष्ट कुठे आणि कधी घडते, जॉनर कुठला, एक-दोन वाक्यांत गोष्टीचं सार सांगणारी लॉगलाइन. मग सगळ्या गोष्टीचा सारांश शेवटासकट. मग रीडरचा स्वतःचा शेरा, कल्पना-पात्रं-संवाद-रचना यांच्यासमोर चांगलं-बरं-वाईट अशा चौकटी, आणि सगळ्यात शेवटी तीनपैकी एक शब्द, पास, कन्सिडर किंवा रेकमेंड. इथे पास म्हणजे नको. बहुतेक स्क्रिप्टांच्या नशिबी तोच असतो, रेकमेंड तर इतका क्वचित पडतो की पडला की ऑफिसात चर्चा होते.

हे काम करणाऱ्यांबद्दल लेखकांमध्ये राग पुष्कळ आहे, कोण हे लोक, आमच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर दोन तासांत शिक्का मारणारे, वगैरे. राग समजू शकतो. पण हे काम कसं तयार झालं ते बघितलं तर लक्षात येतं की रीडरची खुर्ची मुळात 'नाही' म्हणण्यासाठीच मांडली गेली होती, आणि जेव्हा जेव्हा तिथून खणखणीत 'हो' आला तेव्हा त्या 'हो'साठी कोणीतरी वरच्यांशी भांडलेलं होतं.

सुरुवात मूकपटांच्या काळात. तेव्हा गोष्टींची भूक प्रचंड होती, एक-एक रिळाचे सिनेमे धडाधड निघायचे आणि कादंबऱ्या-नाटकांतून सरळ उचलायची पद्धत होती, परवानगी वगैरे भानगडच नाही. कॅलेम कंपनीने १९०७ मध्ये 'बेन हर' कादंबरीवर असाच एक छोटा सिनेमा केला, हक्क न घेता. प्रकाशक हार्पर ब्रदर्स कोर्टात गेले आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुस्तकावर सिनेमा काढणं हेसुद्धा कॉपीराइटचं उल्लंघन आहे. इथून चित्र पालटलं. आता गोष्ट विकत घ्यायला हवी, म्हणजे विकत घेण्याआधी कोणीतरी वाचायला हवी, आणि आपल्याकडे आलेली गोष्ट दुसऱ्या कुणाची चोरलेली नाही ना हेही बघायला हवं.

त्याच सुमारास दुसरीकडून लोंढा सुरू झाला होता. सिनेमासाठी गोष्ट लिहून पैसे मिळतात हे कळल्यावर देशभरातून लोक पोस्टाने सिनॅरिओ पाठवायला लागले, कारकून, शिक्षिका, गृहिणी, सगळेच. पोस्टाने लिखाण शिकवणाऱ्या संस्था निघाल्या, त्यातली पामर फोटोप्ले कॉर्पोरेशन गाजलेली. स्टुडिओंनी सिनॅरिओ डिपार्टमेंट उघडले, पाकिटं फोडून वाचायला माणसं बसवली, आणि त्यातलं बहुतेक सगळं परत पाठवावं लागायचं. नंतर "माझीच गोष्ट चोरली" असे दावे वाढायला लागले तसं स्टुडिओंनी बाहेरून आपणहून आलेलं लिखाण घेणंच कमी करत नेलं. लोंढा अडवायचा आणि कोर्ट टाळायचं, या दोन भीतींतून रीडरची नोकरी जन्माला आली असं मला वाटतं. चांगली गोष्ट शोधायची, हे तिसरं काम, आणि ते नेहमी तिसरंच राहिलं.

स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण १९२० ते ५० या काळात, या कामाला खरा आकार आला. एमजीएम, वॉर्नर, पॅरामाउंट, फॉक्स, प्रत्येकाचा स्टोरी डिपार्टमेंट, एक हॉलिवूडला आणि एक न्यूयॉर्कला, कारण पुस्तकांचे प्रकाशक आणि ब्रॉडवेची नाटकं न्यूयॉर्कला. रीडरच्या पुढ्यात तेव्हा स्क्रिप्टा कमी आणि कादंबऱ्या, नाटकं, मासिकांतल्या कथा जास्त असायच्या, कादंबरी तर बाजारात येण्याआधी प्रुफं मिळवून वाचायची, म्हणजे दुसऱ्या स्टुडिओच्या आधी बोली लावता येईल. हजार पानांच्या पुस्तकाचा सारांश करायचा तर तो सारांशच छोट्या पुस्तकाएवढा व्हायचा. आणि हे सगळं फाइल करून ठेवलं जायचं, कारण आज नको असलेली गोष्ट पाच वर्षांनी एखाद्या स्टारसाठी हवी होऊ शकते.

वरचे लोक वाचायचे का? लुई बी. मेयर, एमजीएमचा सर्वेसर्वा, त्याला वाचण्यापेक्षा गोष्ट ऐकायला आवडायची. त्यासाठी केट कॉर्बली होती, आधी पामरच्या संस्थेसाठी काम केलेली बाई, ती मेयरच्या ऑफिसात बसून गोष्टी सांगायची आणि तिच्या सांगण्यावर कथा विकत घेतल्या जायच्या. विचार करा, ज्या गोष्टीवर लाखो डॉलर लागणार ती साहेबाने ऐकलीय एका बाईच्या तोंडून, तिने कुठे थांबायचं, काय गाळायचं, कुणाची बाजू लावून धरायची ते ठरवून. या कामासाठी तिचं नाव पडद्यावर यायचं नाही.

दुसरं नाव के ब्राऊन. ही निर्माता डेव्हिड सेल्झनिकची न्यूयॉर्कची स्टोरी एडिटर, म्हणजे त्याच्यासाठी गोष्टी निवडून वर पाठवणारी. १९३६ मध्ये 'गॉन विथ द विंड' अजून प्रसिद्ध व्हायचं होतं तेव्हा तिने हजार पानांवरची ती कादंबरी वाचली, सारांश वर पाठवला आणि हे घ्याच म्हणून मागे लागली. सेल्झनिकने मे महिन्यात चक्क नाही कळवलं, तुझा उत्साह बघून नाही म्हणायला वाईट वाटतंय वगैरे म्हणत. ती हटली नाही. जुलैमध्ये ५०,००० डॉलरला हक्क घेतले गेले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग आहे, कारण तिने चांगला शेरा लिहून गप्प बसायचं ठरवलं असतं तर तो सारांश नकाराचा शिक्का घेऊन फाइलमध्ये गेला असता.

आणि मग 'कासाब्लांका', हा सिनेमा ज्या नाटकावरून निघाला त्याची गोष्ट. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, दुसऱ्याच दिवशी वॉर्नर ब्रदर्सच्या स्टोरी डिपार्टमेंटमध्ये एक नाटक येऊन पडलं, 'एव्हरीबडी कम्स टू रिक्स', मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांचं, रंगमंचावर कधीच न आलेलं. स्टीफन कार्नो नावाच्या रीडरने ते वाचून रिपोर्ट लिहिला, पगार म्हणाल तर तासाला डॉलरच्या आसपास. रिपोर्टमध्ये त्याने उत्तम मेलोड्रामा म्हटलं, वातावरण रंगीत आणि ताजं, ताण चांगला, तिकीटबारीवर चालेल, आणि बोगार्ट, कॅग्नी किंवा राफ्टला शोभेल असंही सुचवलं. गंमत बघा, पुढे नायक झालेल्या बोगार्टचं नाव सगळ्यात आधी! पण रिपोर्टने काम झालं नाही, स्टोरी एडिटर आयरीन ली हिने वॉर्नरचा निर्माता हॅल वॉलिस याला पटवलं आणि १९४२ च्या जानेवारीत २०,००० डॉलरला हक्क घेतले, न केलेल्या नाटकासाठी ही रक्कम तेव्हा भलतीच मोठी. खालचा रीडर हो म्हणतो, मधली बाई ते वर नेते, वरचा सही करतो, ही साखळी होती तेव्हा. ती टिकली कारण कार्नो, ली आणि वॉलिस एकाच आवारात रोज कामाला यायचे, एकमेकांची आवड-निवड ओळखून होते.

याच खुर्च्यांवर पुढे नाव काढलेले बरेच बसले. डाल्टन ट्रम्बो १९३४ मध्ये वॉर्नरमध्ये रीडर म्हणून लागला. बड शुलबर्ग सेल्झनिककडे वाचायचा. आयन रँडनेही स्टुडिओंसाठी रीडरचं काम केलं. लेखक होण्याची ही पहिली पायरी मानली जायची, दुसऱ्यांच्या शेकडो गोष्टी उलगडून बघितल्या की रचना हाताला कळते, हे आजही कोणताही जुना रीडर सांगेल.

पगार मात्र कायम तुटपुंजा. म्हणून युनियन आली. बर्नार्ड गॉर्डन हा पॅरामाउंटमधला रीडर स्क्रीन रीडर्स गिल्डचा अध्यक्ष झाला होता. १९४५ मध्ये कॉन्फरन्स ऑफ स्टुडिओ युनियन्सचा मोठा संप झाला, सेट सजवणाऱ्यांपासून सुरू झालेला, रीडर्सची संघटना त्याच गोटात होती. ऑक्टोबरमध्ये वॉर्नरच्या गेटवर मारामारी झाली, पाण्याचे फवारे मारले गेले. पुढच्या एक-दोन वर्षांत ती आघाडी मोडली आणि तिच्यातले कितीतरी लोक मग ब्लॅकलिस्टच्या, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम न देण्याच्या यादीच्या, तडाख्यात सापडले, गॉर्डन स्वतः त्यातच, त्याला पुढे टोपणनावाने पटकथा लिहाव्या लागल्या. रीडर्स नंतर आयएत्सी या दुसऱ्या युनियनच्या लोकल ८५४ या शाखेत गेले आणि २००० मध्ये ते एडिटर्स गिल्डमध्ये, लोकल ७०० मध्ये, विलीन झालं. युनियनमधल्या या नोकरीला स्टोरी ॲनालिस्ट म्हणतात आणि तिथे आठवड्याचा ठरलेला पगार, पेन्शन, इन्शुरन्स असतो.

दोन कोर्टकेसेसनी पुढचं चित्र बदललं. १९४८ ची पॅरामाउंट केस, त्यात स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडायला लागली, मग टीव्ही आला, खर्च कापले गेले, स्टोरी डिपार्टमेंट आटले. आणि दुसरी डेस्नी विरुद्ध वाइल्डर. ही मला फार आवडते कारण तिच्या मुळाशी 'कोण वाचणार' हाच प्रश्न आहे. व्हिक्टर डेस्नीने १९४९ मध्ये दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ऑफिसात फोन करून गुहेत अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, त्याच्याकडे पासष्ट पानं होती, सेक्रेटरी म्हणाली एवढं साहेब वाचणार नाहीत, छोटं करून आण. त्याने छोटं केलं, फोनवर वाचून दाखवलं आणि तिने ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. पुढे वाइल्डरचा तशाच विषयावरचा सिनेमा आला आणि डेस्नी कोर्टात गेला. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसला तरी, वापरली तर पैसे द्यायचे अशा समजुतीवर ती दिली-घेतली गेली असेल तर करार मानता येतो. हे ऐकून कंपन्या आणखी सावध झाल्या. आज एजंटशिवाय आलेली स्क्रिप्ट न उघडता परत जाते किंवा आधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे नंतर दावा करणार नाही अशा कागदावर, सही मागतात, त्यामागे असल्या केसेसची भीती आहे.

तर आता दारावर एजंट आला, आणि एजन्सीनेही स्वतःचे रीडर ठेवले, प्रॉडक्शन कंपन्यांनी फ्रीलान्स रीडर घेतले, स्क्रिप्टमागे पैसे. साधारण ५०-७५ डॉलर असा भाव कितीतरी वर्षं ऐकू येतो. एकशे दहा-वीस पानं नीट वाचायची, दोन-तीन पानांचा सारांश, पानभर शेरा, म्हणजे अर्धा दिवस तरी जाणारच, आणि भाडं भरायचं तर दिवसाला दोन-तीन उरकायला लागतात. १९८८ चा लेखकांचा संप मिटल्यावर स्पेक स्क्रिप्टांचा, म्हणजे कुणी न सांगता आपणहून लिहून विकायला काढलेल्या स्क्रिप्टांचा, बाजार तापला, १९९० मध्ये 'बेसिक इन्स्टिंक्ट' ३० लाख डॉलरला गेली, तेव्हा एजंट एकाच दिवशी सगळीकडे स्क्रिप्ट पाठवायचे आणि रीडरला रात्रीतून कव्हरेज द्यायला लागायचं.

इथेच 'हो'ची किंमत बदलली. पास दिलेली स्क्रिप्ट दुसरीकडे हिट झाली तर ते कोणाला फारसं आठवत नाही, पण रेकमेंड दिलं आणि साहेबाचा वीकेंड वाया गेला तर पुढचं काम बंद. पगारी माणसाला एखादी चूक परवडते, फ्रीलान्सरला नाही. शिवाय तो घरी बसून वाचतो, आयरीन लीसारखी कोणी त्याच्या बाजूने भांडायला शेजारच्या खोलीत नसते. चक रॉस या लेखकाने १९८२ मध्ये आपला एक प्रयोग छापला, 'कासाब्लांका'चीच स्क्रिप्ट जुन्या नाटकाच्या नावाने टाइप करून २१७ एजन्सींना पाठवलेली. ९० जणांनी न वाचता परत केली, ३३ जणांनी ओळखली, आणि ३८ जणांनी वाचली म्हणून सांगून नाकारली. लोक हे रीडर्सच्या अडाणीपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. ज्या व्यवस्थेत नकाराला काहीच खर्च नाही तिथे नकारच येणार, मग समोर काहीही असो.

रीडर्सनी धंद्याला फक्त नकार दिला असंही नाही. ख्रिस्तोफर व्होग्लर स्टोरी ॲनालिस्ट होता, १९८५ मध्ये डिस्नीत असताना त्याने जोसेफ कॅम्पबेलच्या मिथकांवरच्या विचारांचा सात पानी मेमो लिहिला आणि तो हातोहात शहरभर फिरला. आज पटकथेच्या प्रत्येक क्लासात 'नायकाचा प्रवास' शिकवतात तो मुख्यतः त्या सात पानांमधून पसरलेला. त्याने फायदा झाला तसा तोटाही, कारण पुढच्या पिढीच्या रीडर्सच्या हातात एक साचा आला आणि साच्याबाहेरची स्क्रिप्ट नाकारायला आयतं कारण मिळालं.

२००५ मध्ये फ्रँकलिन लेनर्डने, तेव्हा तो एका प्रॉडक्शन कंपनीत डेव्हलपमेंटचं काम बघायचा, ओळखीच्या लोकांना ईमेल करून विचारलं की अजून सिनेमा न झालेल्या स्क्रिप्टांपैकी तुम्हाला कुठल्या आवडल्या. त्याची यादी झाली ती ब्लॅक लिस्ट, आधीच्या ब्लॅकलिस्टच्या उलट, आवडलेल्या स्क्रिप्टांची. हे महत्त्वाचं का, तर पहिल्यांदा 'हो' एकट्याचा राहिला नाही, तो मोजून एकत्र दाखवला गेला आणि त्यामुळे म्हणणाऱ्याला धोका कमी. २०१२ मध्ये तिची वेबसाइट आली जिथे लेखक स्वतः पैसे भरून रीडरकडून मूल्यांकन घेतो. म्हणजे शंभर वर्षांत रीडरचे पैसे भरणारा बदलला, आधी गोष्ट घेणारा भरायचा, आता विकू बघणाराही भरतो. याने नवख्यांना दार उघडलं हे खरंच, पण एकामागून एक मूल्यांकनं विकत घेत बसलेल्या लेखकांची मला काळजी वाटते.

आता एआय. सारांश काढणं, पात्रांची यादी करणं, हे मशीन काही मिनिटांत करतं आणि तशी कव्हरेजची टूल्स बाजारात आलीयत. शेरा मात्र वेगळी गोष्ट आहे, कार्नोने बोगार्टचं नाव लिहिलं ते स्टुडिओचे नट, प्रेक्षक आणि तो आठवडा डोक्यात ठेवून. २०२३ च्या १४८ दिवसांच्या संपानंतर लेखकांच्या करारात एआयच्या अटी आल्या, पण त्या लिहिण्याबद्दल आहेत, आलेली स्क्रिप्ट कंपनीने कोणाकडून वाचून घ्यायची याबद्दल नाहीत. २०२४ मध्ये आयएत्सीच्या करारात आलं की कर्मचाऱ्याला असे प्रॉम्प्ट द्यायला भाग पाडता येणार नाही ज्यामुळे युनियनमधल्याच कोणाचं काम जाईल, आणि स्टोरी ॲनालिस्ट त्या करारात येतात. स्क्रिप्टमागे पैसे घेऊन घरी वाचणारे फ्रीलान्सर त्यात येत नाहीत.