युद्धाआधीच्या कविता, ज्यांना आपण युद्धाआधीच्या आहोत हे ठाऊक नव्हतं

मे १९१२. बर्लिनमधलं ‘काफे देस वेस्टेन्स’. चोवीस वर्षांचा एक इंग्रज तरुण तिथे टेबलाशी बसून कविता लिहितोय. बाहेर उकाडा आहे, आजूबाजूला घामाघूम मंडळी बिअर ढोसताहेत आणि याला सगळ्याचाच वैताग आलाय. मनात केंब्रिजजवळचं ग्रँटचेस्टर हे खेडं आहे. नदीचं गार पाणी, तीनला दहा कमी असताना थबकलेलं चर्चचं घड्याळ, आणि शेवटी एक प्रश्न: चहाबरोबर घ्यायला अजून मध आहे ना? रूपर्ट ब्रुकची ही कविता पुढे इंग्लंडला तोंडपाठ झाली. ती जर्मनीत, जर्मनांना नाकं मुरडत लिहिली गेली होती, हे मात्र बरेचजण विसरतात.

त्याच काफेत बर्लिनचे नवे कवी पडीक असत. गावाने त्या जागेला ‘काफे ग्रोसेनवान’ असं नाव ठेवलं होतं. स्वतःला फार मोठे समजणाऱ्यांचा अड्डा, असा त्याचा साधारण अर्थ. याच वर्तुळातल्या याकोब फान होडिसची ‘जगाचा शेवट’ ही कविता जानेवारी १९११ मध्ये एका साप्ताहिकात आली होती. अवघ्या आठ ओळी. एका सद्गृहस्थाच्या टोकदार डोक्यावरून टोपी उडते, कौलं शाकारणारे खाली पडून त्यांचे दोन तुकडे होतात, समुद्र चढत असल्याचं वर्तमानपत्रात वाचायला मिळतं, बहुतेकांना पडसं झालंय आणि आगगाड्या पुलांवरून कोसळताहेत. प्रलय आणि पडसं एकाच सुरात सांगायचं, हे तोवर जर्मन कवितेत कोणी केलं नव्हतं. तरुण मंडळींनी ती डोक्यावर घेतली.

फान होडिसचा सोबती गेओर्ग हाइम. जुलै १९१० मधली त्याची डायरीतली नोंद आज वाचली की अंगावर काटा येतो. सगळं तेच ते, कंटाळवाणं. काहीतरी घडू दे, अगदी कोणी युद्ध सुरू केलं तरी चालेल, मग ते अन्यायाचं का असेना. ही शांतता म्हणजे जुन्या फर्निचरवर चोपडलेल्या पॉलिशसारखी तेलकट, चिकट आणि कुजकी आहे, असं तो लिहितो. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या अगादीर बंदरावरून फ्रान्स आणि जर्मनी भांडणाच्या उंबरठ्यावर आले आणि सप्टेंबर १९११ मध्ये हाइमने ‘युद्ध’ ही कविता लिहिली. खोल तळघरात बराच काळ झोपलेला कोणी राक्षसी पुरुष उठून उभा राहतो आणि चंद्राला काळ्या मुठीत चिरडतो, अशी तिची सुरुवात. ती छापून येण्याआधीच, जानेवारी १९१२ मध्ये, गोठलेल्या हाफेल नदीवर स्केटिंग करताना बर्फ फुटून मित्र पाण्यात गेला, त्याला काढायला गेलेला हाइमही बुडाला. वय २४.

इथेच आपली पहिली चूक होते. १९१४ ते १९१८च्या पहिल्या महायुद्धात काय झालं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हाइम आपल्याला भविष्यवेत्ता वाटतो. त्याची डायरी वेगळंच सांगते. हा कंटाळलेला मुलगा होता. सुस्थितीतल्या घरात वाढलेला, बापाच्या धाकाने कायदा शिकलेला. युद्ध त्याला दिसलं नव्हतं, हवं होतं. आणि तेही काही उलथापालथ व्हावी म्हणून. त्या काळातल्या बऱ्याच कवितांत युद्ध येतं ते असंच, गोठलेलं काहीतरी फोडायच्या हत्यारासारखं. एर्न्स्ट श्टाडलरच्या १९१४ मधल्या ‘आउफब्रुख’ या संग्रहात (‘प्रस्थान’ म्हणू) शीर्षककवितेत रणशिंगं आहेत, घोडे आहेत, पावसासारख्या गोळ्या आहेत. विषय मात्र आयुष्याला नव्याने भिडण्याचा. युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी तिचा शब्दशः अर्थ लावला, तो आजवर तिला चिकटलाय.

ज्याला खरोखर युद्ध हवं होतं असा एक होताच: फिलिप्पो तोमासो मारिनेत्ती. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याने फ्युचरिझमचा जाहीरनामा छापून आणला. युद्ध म्हणजे जगाची एकमेव साफसफाई, हे त्यातलं नववं कलम. मोटारगाडी, वेग, कारखाने यांचे पोवाडे आणि संग्रहालयं, ग्रंथालयं पाडून टाकायची हाक. इटलीने १९११ मध्ये लिबियावर स्वारी केली तेव्हा हा वार्ताहर म्हणून तिकडे गेला, पुढे बाल्कन युद्धातही पोचला. एड्रियानोपलच्या वेढ्यावरचं त्याचं ‘झांग तुंब तुंब’ १९१४ मध्ये आलं. नावच तोफेच्या आवाजाचं. पानांवर लहानमोठे टाइप उधळलेले, व्याकरणाला रजा. कवी म्हणून मला तो फार थोर वाटत नाही, पण जाहिरातीचं तंत्र त्याच्याइतकं त्या काळात कोणाला साधलं नव्हतं. १९१४च्या सुरुवातीला तो रशियात गेला, तर तिथल्या फ्युचरिस्टांतल्या ख्लेब्निकोव्हने त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली. आमचं भविष्य आमचं, तुझं काय काम!

पीटर्सबर्गच्या त्या मंडळींचा अड्डा म्हणजे ‘भटका कुत्रा’ नावाचं तळघर. १९११ सरता सरता, वर्षाच्या शेवटच्या रात्री ते सुरू झालं. कवी, नट, चित्रकार यांना दार मोकळं; बाकीच्या बघ्यांना तिथे ‘फार्मासिस्ट’ म्हणत आणि त्यांच्याकडून तिकिटाचे भरमसाट पैसे उकळत. अॅना अख्मातोवा तिथे येई. १९१२ मधल्या तिच्या पहिल्या संग्रहाच्या ३०० प्रती छापल्या होत्या.

पॅरिसमध्ये भांडण स्वल्पविरामाशी होतं. गियोम अपोलिनेरचा ‘आल्कोल’ एप्रिल १९१३ मध्ये निघाला. मुद्रितं तपासताना त्याने त्यातली सगळी विरामचिन्हं उडवली होती. लय आणि ओळीची तोड हेच खरे विराम, असं त्याचं म्हणणं. पॅरिसला हे बंड वाटलं. आपल्याला वाटायचं कारण नाही. आपल्या पोथ्यांत दंडाखेरीज काही नसे आणि ओव्या वाचणाऱ्याचं त्यावाचून कधी अडलं नाही. त्याच वर्षी ब्लेझ सांद्रारने सोनिया दलोने या चित्रकर्तीबरोबर ट्रान्ससायबेरियन रेल्वेवरची कविता घडीच्या कागदावर छापली. उलगडली की दोन मीटर लांब. १५० प्रती काढून त्या एकाखाली एक लावल्या तर आयफेल टॉवरएवढी उंची भरेल, असा हिशोब होता. कवितेतल्या गाडीत मात्र रशिया-जपान युद्धातले जखमी आहेत.

लंडनमधलं चित्र मला सगळ्यात मजेदार वाटतं, कारण तिथे सगळे धागे एका दुकानात येऊन मिळतात. हॅरॉल्ड मन्रो या कवीने जानेवारी १९१३ मध्ये ब्लूम्सबरीत ‘पोएट्री बुकशॉप’ उघडलं. खाली कवितेची पुस्तकं, वर कवींना राहायला स्वस्त खोल्या, शिवाय कवितावाचनं. मारिनेत्तीनेही तिथे येऊन आवाज केला. उद्घाटनाला रॉबर्ट फ्रॉस्ट हा अमेरिकेतून आलेला अनोळखी माणूस हजर होता. याच दुकानाने महिनाभर आधी ‘जॉर्जियन पोएट्री’ हे संकलन काढलं होतं. कुरणं, गायी, पाऊस, झोपड्या. वाचताना अधूनमधून आपल्या बालकवींची आठवण यावी, आणि तेही याच वर्षांत लिहीत होते. पुस्तक हजारोंनी खपलं.

त्या संकलनाचा संपादक एडवर्ड मार्श. पोटापाण्यासाठी तो काय करत होता? नौदलाचा कारभार पाहणाऱ्या विन्स्टन चर्चिल या मंत्र्याचा खाजगी सचिव होता. म्हणजे दिवसभर टेबलावर जर्मनीशी चाललेल्या युद्धनौकांच्या शर्यतीचे कागद आणि संध्याकाळी गायी-कुरणांची मुद्रितं. रूपर्ट ब्रुक त्याचा लाडका. पुढे युद्ध लागल्यावर मार्शच्याच ओळखीने तो नौदलाच्या तुकडीत भरती झाला आणि एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या वाटेवर, डास चावून रक्तात विष भिनल्याने गेला.

त्या युद्धनौकांच्या तोफांचा सराव दक्षिण किनाऱ्यावर ऐकू जायचा. त्यावर कविता लिहिली ती तरुणांपैकी कोणी नाही, ७३ वर्षांच्या टॉमस हार्डीने, एप्रिल १९१४ मध्ये. आवाजाने थडग्यातले मुडदे जागे होतात, त्यांना कयामतीचा दिवस आलासा वाटतो. देव म्हणतो, निजा रे, समुद्रावर नुसता सराव चाललाय. एक मेलेला पाद्री हळहळतो: चाळीस वर्षं प्रवचनं देण्यापेक्षा चिलीम आणि बिअर धरून बसलो असतो तर बरं! तोफांचा आवाज आत, पार स्टोनहेंजपर्यंत जातो आणि कविता संपते. मे महिन्यात ती छापून आली. भाकीत वगैरे त्यात नाही. म्हाताऱ्याने ऐकलं ते लिहिलं.

याच लंडनमध्ये जून १९१२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर उतरले. इंग्रजीत केलेल्या गीतांची वही ज्या बॅगेत होती, ती त्यांच्या मुलाच्या हातून भुयारी रेल्वेत राहिली आणि हरवलेल्या सामानाच्या कचेरीत परत मिळाली. जुलैत चित्रकार रोथेनस्टाइनच्या घरी यीट्सने ती गीतं वाचून दाखवली. इंग्रजी ‘गीतांजली’च्या पहिल्या आवृत्तीच्या ७५० प्रती निघाल्या. एझ्रा पाउंडने त्यातल्या सहा कविता शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाला पाठवल्या, त्या डिसेंबर १९१२च्या अंकात आल्या. याच मासिकातून पुढच्या वर्षी पाउंडने, कवितेत एकही फालतू शब्द नको, असा सज्जड दम भरला. त्याच्या मागे लागून एक अख्खी पिढी शब्द छाटू लागली. नोव्हेंबर १९१३ मध्ये ठाकुरांना नोबेल मिळालं. त्या सुमारास, पुढे युद्धकवी म्हणून गाजलेला विल्फ्रेड ओवेन नावाचा मुलगा फ्रान्समध्ये बोर्दोला इंग्रजी शिकवत होता. युद्ध संपायला आठवडा असताना तो मारला गेला. १९२० मध्ये त्याच्या आईने ठाकुरांना पत्र लिहिलं: शेवटचा निरोप घेताना मुलगा तुमच्याच ओळी म्हणाला होता, आणि त्याच्या टिपणवहीत त्या तुमच्या नावासकट सापडल्या.

‘आउफब्रुख’वाला श्टाडलर फ्रेंच कवींचा अनुवादक, त्यात शार्ल पेगीही. ऑक्सफर्डला शिष्यवृत्तीवर शिकलेला, ब्रुसेल्सला प्राध्यापक. पेगी ५ सप्टेंबर १९१४ला मार्नच्या लढाईच्या तोंडावर गोळी लागून गेला. श्टाडलर ऑक्टोबर अखेरीस बेल्जियममध्ये, इंग्रजांच्या तोफगोळ्याने.

आणि ‘युद्धाआधीचा इंग्लंड’ म्हटलं की जी कविता हमखास पुढे येते, ती युद्धाआधीची नाहीच. २४ जून १९१४ला, महायुद्धाची ठिणगी ठरलेल्या सारायेव्होच्या गोळीबाराच्या चार दिवस आधी, एडवर्ड टॉमसची गाडी अॅडलस्ट्रॉप या आडगावच्या स्टेशनात थांबली. टॉमस तेव्हा कविता लिहीतच नव्हता. पुस्तक परीक्षणांवर घर चालवत होता. त्याने टिपणवहीत काही ओळी खरडल्या, एवढंच. ‘अरे, तुझं गद्यच कविता आहे’ असं फ्रॉस्टने वर्षभर मागे लागून पटवल्यावर डिसेंबरात त्याने कविता लिहायला घेतल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये ते टिपण पुन्हा उघडलं. वाफेचा फुस्स आवाज, कोणीतरी घसा खाकरतं, फलाटावर ना कोणी उतरत ना कोणी चढत. मग एक पक्षी, आणि त्याच्यामागे धुकट होत गेलेले दोन जिल्ह्यांतले सगळे पक्षी. सोळा ओळींत युद्धाचा शब्द नाही. एप्रिल १९१७ मध्ये टॉमस आरासच्या लढाईत गेला. ते स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं. स्टेशनाच्या नावाची पाटी गावातल्या बसथांब्यात लावलीय, खाली बाक आहे, आणि बाकावर पितळी पट्टीत ती कविता.