मक्याच्या शेतातला मीटर

डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं विमान अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यावरून जाताना खिडकीतून खाली डोकावलं, तर जमिनीवर हिरवी वर्तुळं दिसतात. कंपास घेऊन काढावीत इतकी नेटकी, एकाला एक लागून. वर्तुळाच्या मधोमध सहसा एक बोअर असतं आणि त्याच्याभोवती चाकांवरचा लांबलचक पाइप घड्याळाच्या काट्यासारखा फिरत पाणी फवारतो. फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याने 1952 साली या यंत्राचं पेटंट मिळवलं. त्याच्या जोरावर कोरडवाहू माळावर मका उभा राहिला.

विमानातून न दिसणारी गोष्ट मात्र जास्त रंजक आहे. राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात सिंचनाच्या बोअरला मीटर बसवलेला असतो. जमीन शेतकऱ्याची, पंप त्याचा, विजेचं बिलही त्याचंच. तरी पाणी किती उपसायचं ते ठरवतं एक स्थानिक मंडळ. मंडळातले बहुतेक सभासद आसपासचेच, त्यातले कित्येक स्वतः बोअर चालवणारे. या यंत्रणेला नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट (नैसर्गिक संसाधन जिल्हा), थोडक्यात एनआरडी म्हणतात. राज्यात अशा 23 आहेत.

कल्पना जुनी आहे आणि ती धुळीतून जन्मली. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातलं गवत नांगरून काढलं गेलं. गवताची मुळं माती धरून ठेवत होती. 1930 च्या दशकात दुष्काळ पडला आणि मोकळी माती वाऱ्यावर उडाली. मे 1934 मध्ये ती धूळ थेट न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली. ह्यू हॅमंड बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं ओरडून हेच सांगत होता. 1935 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मृदसंधारणाचा कायदा केला. समपातळीवर नांगरणी, पट्टा पेर, ताली, वाऱ्याला आडवी झाडं, असे उपाय ठाऊक होते. पण वरच्या शेतकऱ्याने ताल घातली नाही, तर खालच्याची माती वाहून जातेच, आणि वॉशिंग्टनहून आलेला साहेब गावच्या बांधाबांधावर किती दिवस उभा राहणार? म्हणून 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यपालांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला: शेतकऱ्यांनीच आपल्या भागापुरता मृदसंधारण जिल्हा स्थापावा, तज्ज्ञ सरकारने पुरवावेत. पहिला जिल्हा त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅन्सन काउंटीत, बेनेटच्या माहेरच्या मातीत झाला. आज देशभर असे सुमारे 3,000 आहेत.

हे जिल्हे बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे महसुली, हद्दीवर आखले गेले. बांधबंदिस्तीपुरतं ते चालून गेलं. पाण्याच्या बाबतीत फसलं, कारण नदी महसुली हद्द ओळखत नाही. नेब्रास्कात मृदसंधारण, पूर, पाणलोट असे दीडशेहून जास्त लहानमोठे जिल्हे एकमेकांत गुंतले होते. 1969 मध्ये कायदा झाला आणि 1972 पासून ते सगळे मोडून नद्यांच्या खोऱ्यांनुसार 24 एनआरडी आखल्या गेल्या. पुढे दोन एकत्र होऊन 23 उरल्या. त्यांना मालमत्ता कर लावायचा अधिकार मिळाला. मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे. ज्या मंडळाला स्वतःचा पैसा नाही, त्याचं काम ठराव करण्यापुरतंच उरतं.

या भागाखाली ओगालाला हा अवाढव्य जलधर आहे, वाळू-गोट्यांच्या थरांत हजारो वर्षं मुरलेल्या पाण्याचा. बोअर चालू झालं की त्याच्याभोवती भूजलपातळी नरसाळ्यासारखी खचते. शेजारच्या बोअरचं नरसाळं त्याला भिडलं की दोघांचंही पाणी आणखी खोल जातं. आणि नरसाळं ओढ्याखाली पोचलं की ओढ्याला खालून मिळणारा झरा तुटतो. पश्चिमेकडे पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, आपल्या माण-आटपाडीसारखाच. त्यातलं खाली मुरणारं पाणी नगण्य.

नैऋत्य कोपऱ्यातल्या, रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यातल्या अप्पर रिपब्लिकन एनआरडीने म्हणूनच 1970 च्या दशकाच्या शेवटी मीटर आणि कोटा आणला. आधी कोटा ऐसपैस होता, हळूहळू आवळला. आता तो एकरी वर्षाला 13 इंचांच्या आसपास येतो, म्हणजे सुमारे 330 मिलिमीटर, किंवा एकरी तेरा-साडेतेरा लाख लिटर. हिशेब पाच वर्षांचा एकत्र असतो. पावसाच्या वर्षी वाचवलेलं पाणी कोरड्या वर्षी वापरता येतं. ज्याने पाण्याच्या हिशेबाची वही घरात ठेवली आहे, त्याला यातलं शहाणपण सांगावं लागत नाही.

टेक्सासमध्ये 1950 पासून ओगालालाची पातळी सरासरी 40 फुटांहून जास्त खाली गेली. नेब्रास्कात सरासरी घट जेमतेम फूटभर आहे. याचं सगळं श्रेय मंडळांना देऊ नये. उत्तरेकडच्या वाळूच्या टेकड्या पाऊस स्पंजासारखा पितात, ही निसर्गाची मेहेरबानी. शिवाय सरासरी फसवी असते: ज्या भागात मीटर आहेत, तिथलीच पातळी दहा-दहा फुटांच्या हिशेबात खाली गेली आहे. मीटरमुळे घट मंदावली, थांबली नाही.

शेजारच्या कॅन्सस राज्याचं तर यावरही समाधान नव्हतं. रिपब्लिकन नदीच्या पाणीवाटपाचा 1943 चा करार मोडला म्हणून त्याने नेब्रास्काला कोर्टात खेचलं. युक्तिवाद असा की, तुमची बोअर आमची नदी पितात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्काला 55 लाख डॉलर भरायला लावले. तोवर चार एनआरडींनी मिळून 19,000 एकर शेती विकत घेतली होती. तिथलं सिंचन बंद केलं आणि तेच भूजल पाइपने ओढ्यात सोडलं. नदी वाहती दाखवायला जमिनीखालचं पाणी उपसायचं! कागदावर करार पाळला गेला, पण जलधराच्या दृष्टीने हा उजव्या खिशातलं डाव्या खिशात आहे, असं म्हणणारे शेतकरी तिथेही आहेत. ते अगदीच चुकीचे नाहीत.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेने महाराष्ट्राचे दीड हजारांहून अधिक पाणलोट आखून, त्यांना क्रमांक देऊन ठेवले आहेत. नकाशा तयार आहे, पण त्या रेषांवर निवडून आलेलं, कर घेणारं मंडळ नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, हा नियम 1993 पासून आहे. शेजाऱ्याचं बोअर मोजायला मात्र तलाठी जात नाही. हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठी बोअर बंद केलं, ते एका गावाच्या शिवारापुरतं.

नेब्रास्कातही हे मंडळ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात मतपत्रिका येते. वर अध्यक्ष किंवा राज्यपाल, सिनेटर अशा पदांची नावं असतात, खाली बऱ्याच ओळींनंतर एनआरडीची जागा. तिथे अनेकदा एकच नाव छापलेलं असतं, आणि तो माणूस पुढची चार वर्षं ठरवतो की शेजाऱ्याच्या मक्याला किती इंच पाणी.